गुमास्त्यासाठी लिहिलेले गद्य

दिवाळी अंकात कादंबरीचे किंवा कवितासंग्रहाचे परीक्षण यावे, हा रिवाज आहे. मी मात्र यंदा अवघ्या वीस-पंचवीस ओळींच्या एका लिखाणाचे परीक्षण करणार आहे. ते कोठे छापलेले नाही. माझा भाचा नंदुरबारला घरी बसून तोरणमाळच्या यशवंत तलावाभोवती घडणारा एक संगणकावरचा खेळ रचीत आहे. त्यातील अवजारांची त्याने करून दिलेली ओळख, हेच ते लिखाण.

आधी थोडा खुलासा. असा खेळ कोणी मुळापासून रचीत नाही. प्रकाश, गुरुत्वाकर्षण, वस्तूंची टक्कर यांचे गणित तयार असलेली सामग्री घेतात. तिला गेम इंजिन म्हणतात. भाच्याचे इंजिन म्हणजे अर्जेंटिनातील दोघांनी घडविलेले आणि २०१४ साली सर्वांस खुले झालेले ‘गोडो’. हल्ली या कामावर कृत्रिम बुद्धीचा एजंट ठेवतात; आपण त्याला जुन्या शब्दात गुमास्ता म्हणू. ‘झाडे लाव’, ‘दार फिरव’ असे सांगितले की, दिलेल्या अवजारांतून तो योग्य ते निवडतो. निवडतो कशावरून? अवजाराचे नाव, दोन ओळींचे वर्णन आणि त्याला काय पुरवायचे याची यादी, एवढ्यावरून. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक कंपनीने मांडलेल्या ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ या संकेतातही हीच रचना आहे.

आता मूळ लिखाणाचा मासला पाहा : ‘वस्तू फिरवते. कोन द्यावा.’ वाक्ये सुटसुटीत आहेत, शुद्ध आहेत आणि घातक आहेत. देवळाचे दार पाव फेरा फिरव, असे सांगताच गुमास्त्याने ९० हा आकडा दिला. आपणही तोच दिला असता. परंतु या कामी गोडो कोन घेतो तो अंशांत नव्हे, रेडियनमध्ये. आणि पुऱ्या फेऱ्याचे रेडियन होतात सव्वासहाच्या किंचित वर. हिशेबाने चौदा फेरे पुरे होऊन दार सुमारे ११७ अंशांवर थांबले. ते अगदीच भलतीकडे गेले असते तर लगेच दिसले असते. थोडेच चुकले म्हणून दोन दिवस कोणाच्या ध्यानात आले नाही. गुमास्ता तर ‘काम झाले’ म्हणून मोकळा झाला होता.

“पण मामा, गोडोच्या संदर्भग्रंथात रेडियन असं स्पष्ट लिहिलंय!” भाचा म्हणाला. ते खरेच आहे. वस्तू तत्काळ नष्ट करणे आणि चालू चौकट संपल्यावर नष्ट करणे, यांतला भेदही तो ग्रंथ नीट सांगतो. परंतु गुमास्त्याच्या हाती ग्रंथ नव्हता. हाती होती ती भाच्याची ओळ.

आपल्या घरांत हा प्रश्न फार पूर्वीच येऊन गेला आहे. चकलीच्या भाजणीत मोहन ‘अंदाजाने’ घाल, हे सासूबाई शेजारी उभ्या असताना चालते. परगावच्या सुनेला पत्रातून कळवताना चालत नाही. १९७० साली निघालेल्या कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने वाटी-चमच्याचे माप धरले, म्हणून शेजारी कोणी नसतानाही पदार्थ जमू लागले. गुमास्ता हा असा कायमचा परगावी असलेला वाचक आहे. शिवाय सून निदान उलट टपाली विचारील. हा पुष्कळदा विचारीत नाही, रिकाम्या जागी आपला तर्क भरतो.

दुसरा दोष नावांचा. एकाच दगडाला एका ओळीत ‘वस्तू’, दुसरीत ‘नग’, तिसरीत ‘घटक’. ललित लेखनात याला शब्दवैभव म्हणतील. येथे तो घोटाळा आहे. आमच्याच जिल्ह्यातल्या टेंभली गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. एका कागदावर नाव एक आणि दुसऱ्यावर जरा निराळे असले, तर यंत्राच्या लेखी ती दोन माणसे होतात, हे आता येथे कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

माझी टीका ऐकून भाच्याने एकेका अवजारावर पानपानभर लिहिले. तोही दोष. गुमास्त्यापुढे सगळी वर्णने एकदम येतात आणि त्याच्या ध्यानाची जागा मोजकी असते. पाल्हाळात नेमके तेच हरवते. शेवटी अवजारच अंश घेईल असे करून, चार-पाच खेपा खोडून, उतरले ते असे :

‘नाव दिलेली एक वस्तू उभ्या अक्षाभोवती फिरवते. कोन अंशांत, पाव फेरा म्हणजे ९०. वस्तू न सापडल्यास काहीही न बदलता तसे कळवते. जागा बदलण्यासाठी हे वापरू नये. त्यासाठी “हलवा” आहे. केलेला बदल “मागे घ्या”ने परत घेता येतो.’

यात अलंकार नाही, पण लेखकाला वाचकाची काळजी आहे. काय करावे याबरोबर काय करू नये आणि बिघडल्यास काय होईल, हेही त्याने सांगितले आहे. मी याला चांगले मराठी गद्य म्हणतो.

हे वर्णन मी शेजारच्या दहावीतल्या मुलीपुढे ठेवले. गोडो तिने पूर्वी पाहिलेलाही नव्हता. तिने ते एकदा वाचले आणि दार बरोबर पाव फेरा फिरवले. तेव्हा माझा अभिप्राय एवढाच : यंत्रासाठी म्हणून आज जे स्पष्ट लिहावे लागत आहे, ते नवख्या माणसाचे आपल्याकडे राहून गेलेले जुने देणे आहे.