दोन प्रतिमांमधले अंतर

अंधाऱ्या खोलीत कॅमेऱ्याचे शटर उघडे ठेवायचे आणि समोर हलणाऱ्या वस्तूवर ठरावीक वेळाने फ्लॅश मारत राहायचा, एवढीच या तंत्राची कृती. दर लखलखाटाला वस्तू जिथे असेल तिथली तिची प्रतिमा त्याच फ्रेमवर उमटते आणि शटर मिटेपर्यंत एका चेंडूचे दहा चेंडू झालेले असतात. यासाठी एकेकाळी प्रयोगशाळा लागत असे. आज कॅमेऱ्यावर बसणाऱ्या, जरा वरच्या श्रेणीतल्या फ्लॅशमध्येही ही सोय मिळते. सेकंदाला 5 या गतीने 10 फ्लॅश हवे असतील तर शटर 2 सेकंद उघडे ठेवायचे. दर वेळी कपॅसिटर भरायला उसंत नसते, म्हणून फ्लॅशची ताकद बरीच खाली आणायची. मागे काळे मखमली कापड लावायचे, कारण चेंडूवर प्रत्येक जागी एकदाच प्रकाश पडतो, मागच्या भिंतीवर मात्र दहाही वेळा. तंत्र इतके हाताशी आले असताना कला मात्र मागे सरकली आहे, असे माझे मत आहे. जाहिरातींत, क्रीडापानांवर, नृत्याच्या छायाचित्रांत एकाच देहाच्या अनेक प्रतिमांची रांग आता सर्रास दिसते. पण या चित्राचा सारा अर्थ ज्यात साठलेला असतो, ते दोन प्रतिमांमधले अंतर जपलेले क्वचितच आढळते.

अंतराला अर्थ कसा येतो, ते एका जुन्या चित्रात लख्ख दिसते. अमेरिकेत शालेय भौतिकशास्त्राचा अभ्यासक्रम नव्याने घडवण्याचे काम 1956 साली एमआयटीत सुरू झाले. त्या अभ्यासक्रमातल्या एका छायाचित्रात दोन गोल्फचे चेंडू आहेत. एक नुसता सोडलेला, दुसरा त्याच क्षणी आडवा फेकलेला. दोन फ्लॅशमधला वेळ सेकंदाचा तिसावा भाग, आणि मागे समान अंतरावर ताणलेल्या आडव्या दोऱ्या. एक चेंडू सरळ खाली येतो, दुसरा कमान घेत दूर जातो. पण कोणताही लखलखाट निवडा, दोघे एकाच पातळीवर सापडतात. आडव्या वेगाचा पडण्याशी काही संबंध नाही, हे समजायला मग समीकरण लागत नाही. शिवाय खाली येताना प्रत्येक टप्पा आधीच्या टप्प्यापेक्षा जवळपास 1.1 सेंटिमीटरने मोठा होत जातो, आणि ही वाढ गुरुत्वाकर्षणाने ठरवलेली आहे. दोऱ्यांच्या आधाराने ती कोणीही पट्टीने मोजून घ्यावी. याच अभ्यासक्रमासाठी बेरनिस ॲबट यांनी टिपलेला उसळता चेंडू तर नुसता पाहत राहावा असा आहे. न्यूयॉर्क शहराच्या छायाचित्रांसाठी नावाजलेल्या या बाई विज्ञानाकडे वळल्या त्या हौसेने नव्हे, तर विज्ञान लोकांना दिसले पाहिजे या ठाम मतामुळे. कमानीच्या माथ्याशी चेंडू रेंगाळतो, म्हणून तिथे प्रतिमांची दाटी. जमिनीजवळ तो सुसाट असतो, म्हणून तिथे त्या विरळ. त्या चित्राची लय या दाटी-विरळीतून आलेली आहे. मोजमाप आणि सौंदर्य तिथे वेगळे काढताच येत नाहीत.

या कलेचा फाटा नेमका कुठे फुटतो, हे तिच्या आरंभापासून पाहता येते. 1878 साली कॅलिफोर्नियात एडवर्ड मायब्रिज यांनी धावत्या घोड्याची प्रसिद्ध छायाचित्रे घेतली, तेव्हा धावपट्टीवर आडवे दोरे ताणलेले होते आणि घोड्याने दोरा तोडला की त्या जागेवरच्या कॅमेऱ्याचे शटर उघडत असे. म्हणजे प्रतिमा समान जागेच्या अंतराने मिळाल्या, समान वेळेच्या नव्हे. घोड्याचा वेग मध्येच बदलला असता तरी चित्रांची रांग एकसारखीच दिसली असती. पॅरिसमध्ये शरीरशास्त्रज्ञ एतिएन-ज्यूल मारे यांना ही उणीव खुपली. 1882 पासून त्यांनी फिरत्या खाचेच्या तबकडीमागे एकच काच ठेवून तिच्यावर समान वेळेने प्रतिमा घेतल्या. प्रतिमा एकमेकींवर चढून गोंधळ होऊ लागला, तेव्हा त्यांनी माणसाला अंगभर काळा पोशाख चढवून हातापायांवर पांढऱ्या पट्ट्या लावल्या. देह नाहीसा झाला आणि चालण्याची रेषा तेवढी उरली. पुढे 1930 च्या दशकात एमआयटीत हॅरॉल्ड एजर्टन यांनी तबकडीचे काम विजेच्या दिव्याकडे सोपवले. त्यांच्या गोल्फपटूंच्या चित्रांत काठीचे टोक चेंडूकडे येताना प्रतिमांमधले अंतर वाढत जाते आणि चेंडू मारल्यावर एकदम घटते. काठीने चेंडूला किती वेग दिला, याचा हिशेबच तिथे मांडलेला असतो. मात्र एजर्टन यांचे नाव जगभर झाले ते दुधाच्या थेंबाच्या मुकुटाने आणि सफरचंद भेदून जाणाऱ्या गोळीने. ती एकाच लखलखाटाची चित्रे आहेत, थांबलेल्या क्षणाची. त्यांच्या झगमगाटात अनेक फ्लॅशच्या चित्रांची समीक्षा मागे पडली, आणि ती चित्रे वाचायची कशी हे फारसे कोणी शिकवलेच नाही.

आजची बहुतेक चित्रे पुन्हा मायब्रिजच्या बाजूला गेली आहेत. स्केटबोर्डवरून उडी मारणारा मुलगा बर्स्ट मोडमध्ये टिपायचा, फोटोशॉपमध्ये फ्रेम एकमेकींवर ठेवायच्या आणि त्यांतल्या निवडक पाच-सहा राखायच्या, ही रूढ पद्धत आहे. निवडताना हमखास एक गोष्ट घडते. जिथे प्रतिमा एकमेकींवर चढतात तिथल्या मधल्या फ्रेम काढून टाकल्या जातात, कारण चित्र ‘स्वच्छ’ दिसायला हवे असते. पण प्रतिमा चढतात त्या देह मंदावलेला असतो म्हणून. उडीच्या माथ्यावरची ती दाटी पुसली की मुलगा सबंध कमान एकाच वेगाने पार करतो, आणि हे कोणत्याही देहाला शक्य नाही. चित्र दिसते गतीचे, पण गतीबद्दल ते खोटे बोलते. उन्हात, मैदानावर फ्लॅशने हे काम होत नाही, म्हणून फ्रेम जोडण्याला पर्याय नाही, हे मला मान्य आहे. आक्षेप जोडण्याला नाही, मनमानी गाळणीला आहे. दर चौथी फ्रेम घ्या, नाहीतर दर सहावी. पण एकदा ठरवलेली गती शेवटपर्यंत सोडू नका.

यावर कोणी म्हणेल की कला म्हणजे प्रयोगवही नव्हे. प्रतिमांची मांडणी डोळ्याला सुखावली की पुरे. या म्हणण्याला ग्योन मिली यांचे काम उत्तर देते. अल्बेनियात जन्मलेले मिली एमआयटीत विद्युत अभियांत्रिकी शिकले, एजर्टन यांचे तंत्र त्यांनी उचलले आणि ‘लाइफ’ मासिकासाठी नर्तक, वादक, खेळाडू टिपले. बॅले नर्तिका नोरा के हिच्या त्यांनी 1947 साली घेतलेल्या चित्रात ती झपझप लहान पावलांनी सरकते आणि तिच्या प्रतिमा एकमेकींत मिसळून जातात. त्यातला हलकेपणा समान वेळेच्या ठेक्यातून येतो. प्रतिमा नीटनेटक्या अंतरावर मांडल्या असत्या तर तिथे नर्तिकांची रांग दिसली असती, नृत्य नव्हे. ठेका पाळल्याने कलावंताचे स्वातंत्र्य आटत नाही. फ्लॅशची गती किती, प्रकाश कोणत्या बाजूने, कॅमेरा कुठे, सगळे त्याच्याच हातात राहते.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. तत्त्वज्ञ आंरी बर्गसाँ यांनी 1907 मध्ये मांडले की स्थिर तुकडे कितीही जोडले तरी त्यांतून गती निर्माण होत नाही. इटलीतल्या आंतोन ज्युलिओ ब्रागालिया यांनी याच विचाराने मारे यांच्या पद्धतीला नकार दिला आणि दीर्घ एक्स्पोजरने धूसर, वाहती छायाचित्रे काढली. त्यांच्या चित्रांतली ऊब मी नाकारत नाही. पण धूसर पट्ट्यात हात कुठून कुठे गेला हे कळते, कधी कुठे होता हे काटेकोर कळत नाही. फ्लॅशचे चित्र दोन लखलखाटांमधला काळ अंधारात आहे हे उघड कबूल करते आणि बाकीचे पाहणाऱ्यावर सोपवते. मला हा प्रामाणिकपणा मोठा वाटतो.

सेकंदाला शेकडो फ्रेम टिपणारे फोन खिशात असताना हे तंत्र कालबाह्य झाले, हा तिसरा मुद्दा तितका टिकत नाही. व्हिडिओत एक क्षण येतो तेव्हा आधीचा गेलेला असतो. छायाचित्रात सगळे क्षण शेजारी उभे राहतात आणि तुलना शक्य होते. शिवाय मारे यांची युक्ती जिवंतच आहे. क्रिकेटमध्ये गोलंदाजाचा कोपर 15 अंशांहून जास्त सरळ होतो का, हे तपासताना त्याच्या हातावर परावर्तक ठिपके लावतात आणि कॅमेऱ्याभोवतीचे दिवे त्यांच्यावर ठरावीक गतीने लखलखतात. काळ्या पोशाखावरच्या पांढऱ्या पट्ट्यांचेच हे पुढचे रूप.

विज्ञानाने जे जपले ते छायाचित्रकारांनी सोडू नये. मल्लखांबावरची पकड, कथकची चक्कर, गोलंदाजाचा हात यांत वेग क्षणोक्षणी बदलतो, आणि तो बदल दाखवायला याहून चांगले साधन नाही. प्रदर्शनात कॅमेरा आणि लेन्सची नावे आवर्जून लिहिली जातात. तिथेच सेकंदाला किती फ्लॅश मारले हेही लिहावे. फ्रेम जोडल्या असतील तर दर कितवी घेतली ते लिहावे. संपादकांनी आणि स्पर्धेच्या परीक्षकांनी ही माहिती मागायला सुरुवात करावी.