असान्ते लोकांचें राजसुवर्ण

सोनें हातीं आलें कीं माणूस आधीं त्याचें वजन करतो; कारागिरीकडे दृष्टि मागाहून वळते. पश्चिम आफ्रिकेंत, आजच्या घाना देशांत, कुमासी येथें असान्ते राजांची गादी आहे. त्यांच्या राजचिन्हांचें रसग्रहण युरोपांत पुष्कळ काळ असेंच तराजूनें झालें. १८७४ सालीं वूल्सलीच्या इंग्रज फौजेनें कुमासी लुटून जाळली, आणि त्या लुटींतील कांहीं दागिने लंडनच्या गॅरर्ड या जवाहिऱ्यांकडून विकले गेले.

वास्तविक हें सोनें वाचावयाचें असतें. असान्ते राजा प्रजेशीं थेट बोलत नाहीं. त्याच्या वतीनें ‘ओक्येआमे’ नांवाचा वाक्पटु अधिकारी बोलतो. त्याच्या दंडाच्या शेंड्यावर सोन्याच्या पत्र्यानें मढविलेलें लांकडी शिल्प असतें, आणि तें शिल्प म्हणजे एक म्हण. एका दंडावर हातांत धरलेलें अंडें आहे: सत्ता आवळली तर फुटते, सैल सोडली तर निसटते. दुसऱ्यावर दोघे जण अन्नापुढें बसलेले आहेत: अन्न त्याच्या धन्याचें, भुकेल्याचें नव्हे. इतक्या थोड्या जागेंत एवढा अर्थ सांठविणारे हे कारागीर आम्हांस कवींच्याच पंक्तीस बसवावेसे वाटतात.

ओतीव कामही असेंच. मेणाची आकृति करून तिच्यावर कोळसा व माती यांचा लेप देतात; तापविल्यावर मेण वितळून निघून जातें, त्या पोकळींत धातु ओततात आणि शेवटीं सांचा फोडतात. म्हणून एकासारखा दुसरा नग निघत नाहीं. सोन्याची भुकटी तोलण्याचीं पितळी वजनें याच रीतीनें घडवीत, आणि तींही पक्षी, मासे, ढाली यांच्या रूपांत. तेथें वजनेंसुद्धां बोलकीं!

सर्वांत श्रेष्ठ तें सुवर्णासन. ओकोम्फो आनोक्ये या पुरोहितानें तें आकाशांतून ओसेइ तुतू राजासाठीं उतरविलें, अशी कथा आहे. त्यांत राष्ट्राचा आत्मा वसतो असें मानतात. त्यावर राजाही बसत नाहीं. भरतानें सिंहासनावर पादुका ठेवल्या, हें जाणणाऱ्या आमच्या वाचकांस यांत नवल वाटूं नये. गव्हर्नर हॉजसन यास मात्र तें उमगलें नाहीं. १९०० सालीं त्यानें स्वतः बसण्यासाठीं तें मागितलें, आणि एजिसूच्या राजमाता याआ असान्तेवा यांच्या नेतृत्वाखालीं युद्ध पेटलें. युद्धांत असान्ते हरले. आसन इंग्रजांच्या हातीं लागलें नाहीं.

२०२४ सालीं लंडनच्या ब्रिटिश म्यूझियम आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्यूझियम यांनीं ३२ वस्तू कुमासीच्या मान्ह्या राजवाड्यांतील संग्रहालयाकडे धाडल्या. पण त्या तीन वर्षांच्या बोलीनें, उसन्या. कायमच्या देण्यास कायदा आड येतो, असें सांगण्यांत येतें. त्याच वर्षीं लॉस अँजेलिसच्या फाउलर म्यूझियमनें ७ वस्तू कायमच्या परत केल्या. ज्याची वस्तु त्यासच उसनी देण्याच्या व्यवहारास औदार्य म्हणण्यास आमची लेखणी धजत नाहीं. १५० वर्षांनीं त्या वस्तू त्यांची भाषा जाणणाऱ्यांच्या दृष्टीस पडल्या, हा लाभ आम्ही नाकारीत नाहीं. परंतु अन्नापुढें बसलेल्या त्या दोघांचा दंड कुमासींत आजही लोकांस वाचतां येतो.