विद्रावकाविना, पण उन्हाचे काय?

गडचिरोलीत व्हायवॅक्स हिवतापाच्या रोग्याला प्रायमाक्विनच्या गोळ्या १४ दिवस घ्याव्या लागतात. ताप लवकर उतरतो, उरलेल्या गोळ्या कुडाच्या फटीत राहून जातात. एकदाच टोचून औषध हळूहळू सोडणाऱ्या बहुवारिकाच्या सूक्ष्मगोलिका म्हणूनच हव्याशा वाटतात. पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगासाठी महिनाभर पुरणारे असे इंजेक्शन अमेरिकेत १९८९ मध्ये मंजूर झाले.

या गोलिका बनवण्याची ‘विद्रावकाविना’ रीत म्हणून अतिक्रांतिक कार्बन डायऑक्साइडचे कौतुक होते. ३१ अंश सेल्सियस व ७३ वातावरण दाबापलीकडे तो द्रवासारखा विरघळवतो, वायूसारखा आत शिरतो. पण नेहमीचे बहुवारिक, पीएलजीए, त्यात जवळजवळ विरघळतच नाही! मग ते बहुधा डायक्लोरोमीथेनमध्ये विरघळवून, कार्बन डायऑक्साइडने तो विद्रावक ओढून घेतात. अवशेष कमी राहतो, एवढेच खरे. वायू शोषून मऊ झालेले बहुवारिक फवारण्याची रीत मात्र खरोखर विद्रावकाविना आहे.

माझा मोठा आक्षेप वेगळाच आहे. पीएलजीए ४५-५० अंशांच्या आसपास मऊ पडते. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ ओलांडतो. पत्र्याखाली त्याहून जास्त. गोलिका एकमेकींना चिकटल्या, तर औषध ठरल्या वेगाने कसे सुटणार? आरोग्य केंद्रात लसींचा फ्रिज असतो, टोल्यावरच्या आशाताईंच्या पेटीत नसतो. कौतुकाच्या लेखांत साठवणीचे तापमान मी नेहमी शोधतो. क्वचितच सापडते.