हात कुणाचा, टेप कुणाची?

डेव्हिड नोबल यांचं 'फोर्सेस ऑफ प्रॉडक्शन' हे पुस्तक 1984 साली आलं. विषय तसा रुक्ष आहे: अमेरिकेत लेथ, मिलिंग यांसारखी यंत्रं स्वयंचलित कशी झाली. तरीही तुमच्यापैकी जे कारखानदारीच्या आसपास काम करतात, त्यांनी ते आज वाचावं असं मला वाटतं. पत्रा कापणाऱ्या, वाकवणाऱ्या आणि जोडणाऱ्या छोट्या अमेरिकी शॉपमध्ये त्यातलाच वाद पुन्हा उभा राहिला आहे. फक्त आता त्याला 'कामगारटंचाईवरचा उपाय' म्हणतात.

नोबल सांगतात ती गोष्ट थोडक्यात अशी. दुसऱ्या महायुद्धानंतर यंत्र आपोआप चालवण्याचे दोन मार्ग समोर होते. जनरल इलेक्ट्रिकमध्ये विकसित झालेल्या 'रेकॉर्ड-प्लेबॅक' पद्धतीत कसबी कामगार पहिला नग स्वतः करायचा, त्याच्या हालचाली चुंबकीय टेपवर नोंदल्या जायच्या आणि पुढचे नग यंत्र त्या टेपवरून करायचं. दुसरा मार्ग न्यूमेरिकल कंट्रोलचा. मिशिगनमधल्या ट्रॅव्हर्स सिटीचे जॉन पार्सन्स यांची कल्पना, हवाई दलाचा पैसा आणि एमआयटीची प्रयोगशाळा यांतून 1952 मध्ये असं मिलिंग यंत्र दाखवलं गेलं. त्यात हालचाली ऑफिसात आकड्यांतून लिहिल्या जात. हा दुसरा मार्ग जिंकला. नोबल यांच्या मते तो केवळ तांत्रिक गुणांवर जिंकला नाही. शॉपमधला ताबा कामगाराकडून ऑफिसकडे जावा, ही व्यवस्थापनाची इच्छाही त्यामागे होती.

इथे मला नोबल थोडे एकांगी वाटतात. विमानाच्या पंखाचे वक्र पृष्ठभाग गणिताशिवाय काटेकोर होत नाहीत आणि हाताला जमत नाही ते टेपवरही येत नाही. शिवाय रेकॉर्ड-प्लेबॅक कामगाराच्या बाजूचं होतं, हे ते फार लवकर गृहीत धरतात. कर्ट व्हॉनेगट त्याच काळात स्केनेक्टडीला जनरल इलेक्ट्रिकच्या प्रसिद्धी विभागात होते. त्यांच्या 1952 च्या 'प्लेअर पियानो' कादंबरीत एका निष्णात लेथ कामगाराच्या हालचाली टेपवर घेतल्या जातात, आणि मग त्या कामगाराची गरजच उरत नाही. ज्या तंत्रात नोबल यांना कामगाराचा मान दिसला, त्यातच व्हॉनेगट यांना त्याचा शेवट दिसला.

आता आजच्या शॉपमध्ये या. तिथे आज वीस ब्रॅकेट, उद्या पाच फ्रेम, परवा आणखी काही असं काम असतं. 1961 मध्ये जनरल मोटर्सच्या न्यू जर्सीतल्या कारखान्यात युनिमेट हा रोबॉट बसला, तेव्हापासून रोबॉट मुख्यतः एकच काम हजारो वेळा करण्यासाठी परवडत आला. वीस नगांसाठी खास फिक्स्चर बनवणं आणि प्रोग्रामर बोलावणं जमत नाही. 'लवचीक' स्वयंचलन म्हणजे चाकांच्या टेबलावरचा कोबॉट: वेल्डरने त्याचा हात धरून टॉर्च जोडाच्या सुरुवातीला नेली, बटण दाबलं, शेवटाला नेली, पुन्हा दाबलं की कार्यक्रम तयार. हे रेकॉर्ड-प्लेबॅकचंच भावंड आहे.

त्याच्या समर्थनार्थ टंचाईचा आकडा दिला जातो. मॅन्युफॅक्चरिंग इन्स्टिट्यूट आणि डेलॉइट यांच्या 2024 च्या अहवालानुसार 2033 पर्यंत अमेरिकी कारखानदारीत 38 लाख जागा भराव्या लागतील आणि त्यातल्या 19 लाख रिकाम्या राहू शकतात. वेल्डर निवृत्त होत आहेत, हे खरंच आहे. पण 2023 साली अमेरिकेतल्या वेल्डरचं मध्यम वार्षिक वेतन सुमारे 49 हजार डॉलर होतं. धूर, उष्णता आणि वाकून काम करण्याच्या बदल्यात तरुणाला एवढंच मिळत असेल, तर टंचाईचं एक कारण मजुरीतही शोधायला हवं. चाकणचं उदाहरणही आठवा. बजाज ऑटोने कोबॉट आणले, पण त्या पट्ट्यात नोकरी शोधणाऱ्यांची वानवा कधीच नव्हती. माणूस मिळत नाही एवढ्याच कारणाने यंत्र येतं असं नाही.

माझा आक्षेप कोबॉटला नाही. त्याने खांदे आणि फुप्फुसं वाचतात, आणि तीच तीच सरळ शिलाई करण्यात माणसाचं आयुष्य जावं असं मला वाटत नाही. आक्षेप 'टंचाईवरचा उपाय' या शब्दांना आहे. फट किती आहे, पत्रा कुठे ओढला जाईल, टॉर्चचा कोन किती हवा, हे ज्याला कळतं तोच कोबॉटला शिकवू शकतो. म्हणजे वेल्डर मिळत नाही म्हणून आणलेल्या यंत्राला आधी वेल्डर लागतो. आणि तो वेल्डर घडला कसा? याच सोप्या, कंटाळवाण्या जोडांवर हात बसवून. ते जोड यंत्राकडे गेले, तर नवशिक्याने कुठे शिकायचं? जुन्या वेल्डरचं कसब काही वर्षं पुरेल. त्यानंतरची टंचाई आजच्यापेक्षा वाईट असेल.

आपल्यापैकी अनेकजण हे निर्णय घेणाऱ्या खुर्च्यांवर आहेत: कुणी यंत्रं विकतं, कुणी विकत घेतं, कुणी माझ्यासारखं त्यांच्यावर संशोधन करतं. गुंतवणूक किती महिन्यांत वसूल होईल, हे आपण विचारतोच. त्याच बैठकीत आणखी दोन प्रश्न विचारा. ज्याच्या हाताने कोबॉट शिकला, त्याची मजुरी वाढली का? आणि त्याच्या शेजारी शिकायला कुणी उभं आहे का? दोन्हींचं उत्तर 'हो' असेल, तर नोबल यांना हवं होतं तसं काहीतरी घडेल. 'नाही' असेल, तर व्हॉनेगट यांची कादंबरी वाचून ठेवा.