मणी कुठे होता? गॅससुरक्षेचे नियम आणि कारणाचा प्रश्न



आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघातिघांनी आम्हाला विचारलं, 'सर, तत्त्वज्ञान शिकवण्यात जन्म गेला, आता गॅसच्या नियमांवर काय बोलणार?' प्रश्न रास्त आहे. आमचं उत्तर इतकंच, की नियमावली हाही एक ग्रंथच असतो. तो कोणाशी बोलतो, काय गृहीत धरतो, कुठे गप्प बसतो, हे कुठल्याही ग्रंथाला विचारता येतं. आज आपण तेच करणार आहोत. सुरुवात मात्र एका घटनेपासून करू.

१६ ऑक्टोबर २०१५. कुर्ला पश्चिमेचं सिटी किनारा हॉटेल, दुपारच्या जेवणाची वेळ. एलपीजीमुळे भडकलेल्या आगीत आठ माणसं गेली. त्यातली सात कॉलेजात शिकणारी मुलं होती. ती पोटमाळ्यावर जेवायला बसली होती, आणि त्या पोटमाळ्यावर गिऱ्हाईक बसवायची परवानगीच नव्हती. मुलांचे पालक लोकायुक्तांकडे गेले, तिथे दाद मिळाली नाही. मग ते मुंबई उच्च न्यायालयात गेले. जून २०२५ मध्ये, म्हणजे जवळपास दहा वर्षांनी, न्यायालयानं मुंबई महापालिकेला प्रत्येक कुटुंबाला ५० लाख रुपये द्यायला सांगितलं. दोष हॉटेलवाल्याचा, असा पालिकेचा बचाव होता. न्यायालयानं तो मानला नाही. नियमभंग माहीत असून पालिकेनं आपलं कर्तव्य केलं नाही, आणि ते न करणं हेच या दुर्घटनेचं थेट आणि निकटचं कारण आहे, असा निकालाचा गाभा आहे.

आता इथे तत्त्वज्ञानाच्या माणसाचे कान टवकारतात. 'न करणं' हे कारण कसं होईल? जे घडलंच नाही, ते दुसरं काही घडवेल कसं?

हा प्रश्न आपल्याकडे शेकडो वर्षं चघळला गेलाय, आणि गंमत बघा, उदाहरण आगीचंच आहे. विश्वनाथांच्या 'सिद्धान्तमुक्तावली'त सुरुवातीलाच ते येतं. आग आहे, लाकूड आहे, दोन्ही एकत्र आहेत. पण जवळ एक विशिष्ट मणी ठेवला तर आग जाळत नाही. मणी उचलला की जाळते. असा मणी खरोखर असतो का, हा वाद सोडून द्या, उदाहरण समजून घ्या. मीमांसक म्हणाले, आगीत 'शक्ती' नावाची एक वेगळी गोष्ट असते, मणी तिचा नाश करतो. नैयायिक म्हणाले, एवढं कशाला? जाळण्याच्या कारणांच्या यादीत आणखी एक कारण घाला : प्रतिबंधकाचा अभाव. आग हवी, लाकूड हवं, आणि मणी नसायला हवा. मणी नसणं हे लाकडाइतकंच कारण आहे.

कुर्ल्याचा निकाल वाचताना आम्हाला हा मणी आठवला. सुरक्षेचा नियम म्हणजे आगीजवळ ठेवलेला मणी. तो तिथे नव्हता. ज्यानं तो तिथे ठेवायचा, त्याला 'मी काही केलंच नाही' असं म्हणून सुटता येत नाही, कारण काही न करणं हाच तर त्याचा वाटा आहे.

नैयायिक इथे थांबले नाहीत. त्यांनी आणखी एक पात्र आणलं, त्याचं नाव उत्तेजक. प्रतिबंधक मणी जवळ आहे, पण उत्तेजकही जवळ आला, तर मणी असून नसल्यासारखा होतो आणि आग पुन्हा जाळू लागते. आपल्याकडे नियम असतो, कागद असतो, शिक्का असतो, तरी आग लागतेच. का? उत्तेजक कोण, हे पनवेलकरांना आम्ही सांगायला नको. कधी त्याला चिरीमिरी म्हणतात, कधी ओळख, कधी 'सर, आपलेच आहेत'.

एक आक्षेप येईल. अभाव जर कारण, तर तसे अभाव अगणित आहेत. त्या दुपारी आम्हीही कुर्ल्यात नव्हतो. मग आम्हीही कारण? नाही. ज्याच्या असण्यानं ती आग थांबली असती आणि ज्यानं तिथे असणं ठरलेलं होतं, त्याचाच अभाव मोजायचा. आता 'ठरलेलं होतं' म्हणजे कोणी, कुठे ठरवलं? इथून आपण नियमावलीकडे वळतो.

गॅसचा कुठलाही नियम उघडा, त्याच्यामागे एक तारीख असते. १८ मार्च १९३७ रोजी अमेरिकेत टेक्सासमधल्या न्यू लंडन गावच्या शाळेत गळलेल्या नैसर्गिक वायूचा स्फोट झाला. जवळपास तीनशे जीव गेले, त्यात बहुतेक मुलं. नैसर्गिक वायूला मुळात वास नसतो, त्यामुळे कोणाला काही कळलंच नाही. त्यानंतर टेक्सासनं वायूत वास मिसळण्याची सक्ती केली. आपल्या सिलिंडरच्या गॅसला येणारा वासही असाच मुद्दाम घातलेला असतो. आपल्याकडे १९८४ साली भोपाळ झालं, आणि १९८६ मध्ये तेल उद्योगासाठी सुरक्षा संचालनालय स्थापन झालं. नोव्हेंबर १९९० मध्ये आपल्याच जिल्ह्यात, नागोठण्याच्या वायू प्रकल्पात, गळतीनंतरच्या स्फोटात तीसहून अधिक माणसं गेली. ३ सप्टेंबर २०१९ रोजी उरणच्या वायू प्रकल्पातल्या आगीत चौघांचा बळी गेला, त्यातले तिघे आग विझवायला धावलेले जवान होते. नियम म्हणजे मेलेल्यांनी जिवंतांना लिहिलेलं पत्र आहे, असं आम्ही समजतो.

पण सगळी पत्रं सारखी पोचत नाहीत. वासाचा नियम बघा. तो इंग्रजी येणाऱ्याला कळतो, न येणाऱ्याला कळतो, तान्ह्या मुलाच्या आईलाही कळतो. त्याला तपासनीस लागत नाही, आणि त्याला लाच देता येत नाही. मणी कसा असावा, याचा हा नमुना आहे. दुसरीकडे राजपत्रातला नियम. केंद्राचं राजपत्र हिंदी आणि इंग्रजीत निघतं. उरण नाक्यावर खांद्यावरून सिलिंडर चढवणाऱ्या पोऱ्यापर्यंत ते पत्र पोचतच नाही.

साधी गोष्ट घ्या. सिलिंडरच्या वरच्या पट्टीवर एक इंग्रजी अक्षर आणि दोन आकडे असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, पुढे सी आणि डी. आकडा वर्षाचा. पुढची चाचणी केव्हा व्हायची, ते त्यात सांगितलेलं असतं. माहिती प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात आहे, पण ती वाचायची किल्ली किती घरांत आहे? किंवा हे बघा : एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साठतो. पाइपानं येणारा नैसर्गिक वायू हलका, तो छताकडे जातो. म्हणून एकाला खाली वाट हवी, दुसऱ्याला वर. आपल्या शहरात जुन्या वाड्यांत सिलिंडर आहेत आणि नव्या इमारतींत पाइप आलाय. वाड्यातून टॉवरमध्ये राहायला गेलेल्या आजींना हा फरक कोणी सांगितला का?

ग्रंथ म्हणून या नियमांचा दुसरा दोष व्याकरणाचा आहे. 'साठा सुरक्षित ठेवला जाईल', 'तपासणी केली जाईल', 'खबरदारी घेतली जाईल'. सगळी कर्मणी रचना, कर्ता गायब. तपासणी केली जाईल, ठीक, पण कोण करील? वडापावच्या एका गाडीखालच्या सिलिंडरवर कोणाकोणाची सत्ता आहे, मोजा. सिलिंडर कसा असावा, हे नागपूरला मुख्यालय असलेली स्फोटक सुरक्षा संघटना पाहते. रबरी नळीचं मानक भारतीय मानक ब्यूरोचं. घरगुती सिलिंडर धंद्याला वापरला तर पुरवठा विभाग. गाडीचा परवाना महापालिकेचा. खाण्याच्या पदार्थांचा परवाना अन्न आणि औषध प्रशासनाचा. आग लागली की अग्निशमन दल. इतके धनी असलेलं जनावर बहुधा उपाशीच राहतं.

तिसरा दोष मोजमापाचा. १०० किलोपर्यंत एलपीजी ठेवायला साठवणुकीचा परवाना लागत नाही. घरगुती सिलिंडर १४.२ किलोचा, म्हणजे सात ठेवले तर ९९.४ किलो. व्यावसायिक सिलिंडर १९ किलोचा, पाच ठेवले तर ९५. आता एका गाळ्यात पाच, आणि प्लायवूडच्या भिंतीपलीकडच्या गाळ्यात पाच. दोघंही परवान्याच्या मर्यादेत, पण आगीला प्लायवूड दिसत नाही. नियम किलो मोजतो. शेजार आणि पोटमाळ्यावरची मुलं मात्र मोजायची राहतात.

राज्याचा २००६ चा अग्निप्रतिबंधक कायदा आहे. कायद्याच्या कक्षेतल्या इमारतींच्या मालकानं दर जानेवारी आणि जुलैत परवानाधारक संस्थेचं प्रमाणपत्र सादर करायचं असतं. इथे कर्ता आहे, तारीख आहे, म्हणून हा नियम आम्हाला बरा वाटतो. पण प्रमाणपत्र देणाऱ्याचे पैसे कोण देतो? ज्याची तपासणी करायची तोच. उत्तेजक इथे नियमाच्या घरातच पाट मांडून बसलाय.

आता आमचीच एक गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या घरी गॅसची सक्तीची तपासणी करायला एक तरुण आला. उन्हाचा आला होता. आम्ही पाणी दिलं, चहा झाला, बोलता बोलता त्यानं बाहेरच्या खोलीत सोफ्यावर बसूनच अर्जावरच्या सगळ्या चौकटींत खुणा केल्या. शेगडीची उंची बरोबर, नळी बरोबर, वायुवीजन बरोबर. स्वयंपाकघरात तो गेलाच नाही. 'सर, इथे सही.' आम्ही सही केली. पुढे सुनेनं नळी पुसताना तिच्यावर छापलेली मुदत वाचली. ती संपून वर्ष झालं होतं. आम्ही त्या मुलाला दोष देत बसलो असतो, पण कागदावर सही आमची होती. जन्मभर कारणमीमांसा शिकवली, आणि आमच्या स्वयंपाकघरातला मणी आम्हीच सहीनिशी उचलून दिला.

म्हणूनच कुर्ल्याच्या निकालाचं स्वागत करूनही आमची एक तक्रार उरते. निकालानं कर्मणी वाक्याला कर्ता दिला, हे फार मोठं काम झालं. पण तो कर्ता 'महापालिका' आहे. आठ कुटुंबांचे मिळून ४ कोटी रुपये महापालिकेच्या तिजोरीतून जायचे, म्हणजे कर भरणाऱ्यांच्या खिशातून, आणि त्या कर भरणाऱ्यांत त्या मुलांचे आईबापही आले. पोटमाळा पाहून परत फिरलेल्या माणसाला काय? संस्था कारण ठरली, म्हणजे माणूस अन्यथासिद्ध ठरला का? कुंभाराच्या मडक्याला माती वाहणारं गाढव कारण नसतं, असं न्यायशास्त्र म्हणतं. तपासणीच्या वहीवर सही करणारा माणूस मात्र ते गाढव नव्हे.

मग करायचं काय? इंग्लंडात भाड्याच्या घरातली गॅसची उपकरणं घरमालकानं दरवर्षी नोंदणीकृत तंत्रज्ञाकडून तपासून घ्यायची असतात, आणि नोंदीची प्रत भाडेकरूच्या हातात द्यायची असते. म्हणजे ज्याचा जीव, त्याच्या हातात कागद. आपल्याकडे २०१६ साली पनवेलची महापालिका झाली. तेव्हापासून 'मुंबईवाले बघतील' असं म्हणायची सोय राहिली नाही. आमची मागणी लहानशी आहे. प्रत्येक खानावळीच्या दारावर मराठीत एक पाटी असावी : शेवटची तपासणी कधी झाली, कोणी केली, त्याचं नाव, आणि वर कुठे माणसं बसवायला परवानगी आहे की नाही. त्या दुपारी कुर्ल्याच्या जिन्याखाली 'वर बसण्यास परवानगी नाही' अशी मराठी-हिंदी पाटी असती, तर सातांपैकी एखाद्यानं तरी ती वाचली असती. वासासारखाच, वाचणाऱ्याच्या थेट अंगाशी येणारा नियम.

आणि तोवर? आज घरी गेल्यावर नळीवरची तारीख वाचा. गॅसचा वास आला तर दिव्याचं बटण दाबू नका, चालूही नको आणि बंदही नको. रेग्युलेटर बंद करा, खिडक्या उघडा, बाहेर पडा आणि बाहेरून १९०६ लावा. आणि तपासणीला आलेल्या मुलाला चहा जरूर द्या, पण आधी त्याला स्वयंपाकघर दाखवा.