सर्व ऋतूंचा टायर : पण ऋतू कोणाचे?

मोटारीचे टायर बदलायची वेळ आली की आजकाल तुलनेची कोष्टके हाताशी असतात. कोरड्या रस्त्यावर इतके गुण, ओल्यावर इतके, बर्फावर इतके, टिकाऊपणाला इतके. शेवटी सरासरी आणि पहिला क्रमांक. ‘ऑल-सीझन’ म्हणजे सर्व ऋतूंसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या टायरांची अशी काही कोष्टके आम्ही अलीकडे वाचली. गुणपत्रके तपासण्यात आमचा जन्म गेला. तेव्हा ही कोष्टके आम्हांला आवडली. पटली मात्र नाहीत.

आधी त्यांचे श्रेय त्यांना देऊ. चांगल्या तुलनेत सर्व टायर एकाच मापाचे असतात आणि एकाच गाडीला लावून एकाच रस्त्यावर तपासले जातात. एकच घटक बदलायचा, बाकीचे स्थिर ठेवायचे, हा प्रयोगाचा नियम तेथे पाळलेला असतो. आमची तक्रार मोजमापाबद्दल नाही, बेरजेबद्दल आहे.

‘सर्व ऋतू’ ही कल्पना थंड देशांतली. तापमान ७ अंश सेल्सियसच्या खाली गेले की उन्हाळी टायरचे रबर कडक होऊ लागते आणि पकड सुटते. म्हणून ऑल-सीझन टायरचे रबर थंडीतही लवचीक राहील असे बनवतात आणि बर्फ धरण्यासाठी नक्षीत बारीक चिरा देतात. या सोयीची किंमत उन्हात मोजावी लागते. भर उन्हाळ्यात डांबरी रस्ता ६० अंशांपर्यंत तापू शकतो. अशा रस्त्यावर मऊ रबराचे चिरा पडलेले ठोकळे ब्रेक मारताना जास्त वाकतात आणि लवकर झिजतात.

आता आपला अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्हा पाहू. पूर्वेला पाथर्डी, कर्जत ही पर्जन्यछायेतील गावे. पश्चिमेला अकोले तालुक्यात घाटघर, रतनवाडीकडे कित्येक हजार मिलिमीटर पाऊस. एकाच जिल्ह्यात रखरखीत ऊन आणि धुवाधार पाऊस दोन्ही आहेत. नाही तो फक्त बर्फ.

गणित करून पाहा. समजण्यासाठी दोन काल्पनिक टायर घेऊ. कोरडा रस्ता, ओला रस्ता, बर्फ आणि टिकाऊपणा या क्रमाने ‘अ’ला १० पैकी ७, ६, ९, ८ गुण आहेत, ‘ब’ला ८, ८, ४, ७. सरासरी अनुक्रमे ७.५ आणि ६.७५, म्हणजे ‘अ’ पहिला. बर्फाचा रकाना काढून टाका. ‘अ’ची सरासरी ७ होते, ‘ब’ची सुमारे ७.७. एकही मोजमाप न बदलता निकाल उलटला! ज्या विषयाची परीक्षा आपल्याला द्यायचीच नाही, त्याच्या गुणांवर ‘अ’ वर आला होता.

दुसरा दोष असा की बहुतेक कोष्टके नव्या टायरची असतात. म्हणजे नव्याचे नऊ दिवस. मोटारीच्या नव्या टायरच्या खाचा साधारण ८ मिलिमीटर खोल असतात. खाचेच्या तळाशी १.६ मिलिमीटर उंचीचे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर संपला. मधल्या काळात ओल्या रस्त्यावरची पकड कमी होत जाते. टायर अर्धा झिजल्यावर कोण पहिला येतो, हे कोष्टक सांगत नाही.

तिसरा दोष अक्षरांच्या प्रतवारीचा. काही टायरांवर अमेरिकी पद्धतीची पकडीची प्रत छापलेली असते. ती ओल्या पृष्ठभागावर सरळ रेषेत ब्रेक मारून ठरते. वळणावर टायर कसा वागेल, हे तीतून कळत नाही. माळशेज घाटाने कल्याणकडे जाणाऱ्याला मात्र तेच कळायला हवे असते.

शिवाय पकड केवळ टायरच्या जातीवर अवलंबून नसते. पाणी साचलेल्या रस्त्यावर वेग वाढला की चाक पाण्यावर तरंगू लागते आणि ब्रेक, स्टिअरिंग दोन्ही निरुपयोगी होतात. नासाच्या संशोधकांनी १९६० च्या दशकात विमानांच्या टायरांसाठी यावर एक ढोबळ सूत्र मांडले : पौंडांतील हवेच्या दाबाचे वर्गमूळ गुणिले १६.६, म्हणजे ताशी किलोमीटरमधील धोक्याचा वेग. ३२ पौंड हवेला तो सुमारे ९४ येतो, २४ पौंडांना सुमारे ८१. मोटारीला हा आकडा जसाच्या तसा लागू होत नाही. नक्षी झिजलेली असेल तर धोका आणखी अलीकडे येऊ शकतो. पण दिशा स्पष्ट आहे. महागडा टायर घेऊन हवा तपासायची नाही, तर कोष्टकातला पहिला क्रमांक काय कामाचा?

शाळेत एक उपक्रम करता येईल. उभ्या गाड्यांच्या खाचांची खोली विद्यार्थ्यांनी व्हर्नियरने मोजावी. टायरच्या बाजूवरील शेवटचे चार अंक वाचावेत. ‘२३२४’ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. मग आपल्या गावचे ऋतू आणि रस्ते लिहून प्रत्येक रकान्याला आपणच वजन द्यावे. आमच्या मते ओल्या रस्त्याला सर्वाधिक, त्याखालोखाल उष्णता व टिकाऊपणा, आणि बर्फाला शून्य.

पावसाळ्यात सहलीची गाडी भंडारदऱ्याच्या वळणांवरून मुलांना घेऊन जाते. रस्त्याला टेकलेला प्रत्येक टायरचा भाग जेमतेम तळहाताएवढा असतो. तो निवडताना दुसऱ्यांच्या हिवाळ्याचे गुण मोजू नयेत, एवढेच आमचे म्हणणे.