कुरण या शब्दाचं काय झालं?

मारतहळ्ळीहून हेसरघट्ट्याला जायचं तर पहाटे पाचच्या आत निघावं लागतं. उशीर झाला की सकाळ रिंग रोडवरच संपते. गेल्या हिवाळ्यात मी तीनदा गेले. शहराच्या वायव्येला, तळ्याजवळ पसरलेला गवताचा माळ. भोवत्या गवताच्या शेंड्यांना जवळजवळ चाटत जातो. चंडोल वर वर चढतो आणि दिसेनासा झाल्यावरही ऐकू येत राहतो.

त्याच दिवसांत व्यंकटेश माडगूळकरांचं ‘नागझिरा’ पुन्हा वाचलं. आजच्या गोंदिया जिल्ह्यातल्या त्या जंगलात माडगूळकर जाऊन राहिले. पाहिलं, टिपलं, रेखाटलं. पुस्तक मला आजही आवडतं. जंगलात पाहुण्यानं कसं वागावं, हे त्यातून न सांगता कळतं. पण या वेळी एक गोष्ट खुपली. माडगूळकर मूळचे माणदेशचे, म्हणजे उघड्या माळाचे. तो माळ ‘बनगरवाडी’त आहे: धनगर, मेंढरं, पावसाची वाट. राम देशमुखांनी इंग्रजी अनुवादाला ‘द व्हिलेज हॅड नो वॉल्स’ हे नाव दिलं, तेव्हा नकळत त्या मोकळ्या जमिनीलाच शीर्षकात आणलं. तरी आपण ‘नागझिरा’ निसर्गलेखनाच्या कप्प्यात ठेवतो आणि ‘बनगरवाडी’ ग्रामीण कादंबरीच्या. जंगल पाहायला जायचं, माळावर दिवस काढायचे, अशी ही वाटणी आहे. ती लेखकानं केली असं मी म्हणणार नाही. वाचक म्हणून आपणच केली.

मारुती चितमपल्लींचं उदाहरण याहून बोलकं आहे. जन्म सोलापूरचा, पण मराठी वाचकाच्या मनात ते नवेगावबांधचे, विदर्भातल्या रानांचे. आणि सोलापूरजवळ नान्नजला माळढोकचं अभयारण्य 1979 सालापासून आहे. कागदावर ते सुरुवातीला साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास होतं; त्यात गावं आली, शेतं आली, आणि पुढे ते बाराशेच्या घरात आणावं लागलं. मोठ्या मराठी गद्याला शोभेल असा हा विषय, पण तो बातम्यांतच राहिला. शिवाय ‘अभयारण्य’ या शब्दातच अरण्य आहे. गवताला अभय द्यायचं तरी ते अरण्याच्या नावानं.

हे सगळं अंगावर आलं ते एका कन्नड लेखाचा अनुवाद करताना. लेखात ‘हुल्लुगावलु’ हा शब्द वारंवार येत होता. हुल्लु म्हणजे गवत, आणि कावलु म्हणजे राखण. म्हैसूरच्या राजांनी अमृतमहाल गुरांसाठी राखलेल्या माळांनाही कावलच म्हणतात. मी ‘माळरान’ लिहून पाहिलं. त्यात राखण नाही, उलट ओसाडपणा ऐकू येतो. ‘गवताळ प्रदेश’ हा भूगोलाच्या धड्यातला. सरकारी दप्तरात तर अशी जमीन बहुधा ‘पडीक’ म्हणूनच सापडते. मग आठवलं: कुरण! गवतासाठी राखलेली जमीन. राखण्याचा अर्थ त्या शब्दाच्या पोटातच आहे.

मी सगळीकडे ‘कुरण’ लिहिलं. संपादकांचा फोन आला. म्हणाले, “मॅडम, वाचकाला भ्रष्टाचार आठवेल.” त्यांचं चुकलं नव्हतं. वर्तमानपत्रांत आता कुरण असतं ते बहुधा भ्रष्टाचाराचं, आणि चरणारे असतात पुढारी. कुरणातला चांगला अर्थ आपण वापरेनासे झालो, वाईट तेवढा जपला. लेख छापून आला तेव्हा त्यात ‘गवताळ प्रदेश’ होता, चौदा वेळा. मी मोजले.

हेसरघट्ट्याला राखीव क्षेत्र करण्याला कर्नाटकच्या वन्यजीव मंडळानं 2024 साली मान्यता दिली. शेवटच्या फेरीत तिथे गुरं चारणाऱ्या एका आजोबांनी माझ्या दुर्बिणीकडे बोट दाखवून विचारलं, काय बघताय? मी पक्ष्याचं नाव सांगू लागले, तर ते म्हणाले, पक्षी ठीक आहे, पण यंदा गवत बघा किती आलंय. मी दुर्बीण खाली केली.